शेकरूला रस्ता आडवा येतो

महाराष्ट्राचा राज्यप्राणी महाराष्ट्राच्या जमिनीवर फारसा उतरत नाही. खाणं, झोपणं, पिल्लं वाढवणं, सगळं झाडाच्या शेंड्यात. अंगणातली खार आपल्यात मिसळून गेली. ती कुंपणावरून पळते, विजेच्या तारेवरून पलीकडे जाते, वाळवणावर डल्ला मारते आणि माळ्यावर कापूस-चिंध्यांचं घरटं करते. शेकरू तिच्याच कुळातलं. पण माणसाच्या शेजाराची ही कला त्याला साधलेली नाही.

अंगाने ते दांडगं. वजन दीड ते दोन किलो, लांबी शेपटीसकट तीन फुटांच्या आसपास, आणि त्यातली निम्म्याहून जास्त शेपटीच. ही शेपटी नुसती मिरवायला नाही. शेकरू मागच्या पायांनी फांदी धरून पुढे झुकतं, शेपटी दुसऱ्या बाजूला लोंबती सोडून तोल सांभाळतं आणि पुढचे दोन्ही पंजे फळासाठी मोकळे ठेवतं. झेप वीसेक फुटांची. या आकड्यावर त्याचं सगळं नशीब आहे. दोन झाडांच्या शेंड्यांमधलं अंतर त्याहून वाढलं की त्याच्यापुरतं जंगल तिथेच संपतं.

आणि त्याला एका झाडावर बसून भागत नाही. आंबा, जांभूळ, उंबर, हिरडा, अंजनी यांचे बहर वेगवेगळ्या वेळी येतात; फळं नसतात तेव्हा कोवळी पानं, फुलं, सालसुद्धा चालते. वर्षभराचं पोट भरायचं तर या झाडावरून त्या झाडावर जाता आलं पाहिजे. काटक्या-पानांची गोल घरटीही ते एकच बांधून थांबत नाही. एका शेकरूची बरीच असतात, बहुधा बारीक फांद्यांवर, जिथे जड शिकारी सहज पोचू शकत नाही. त्यामुळे ‘रानात इतकी घरटी दिसली’ अशी बातमी वाचून तितकी शेकरं आहेत असं समजू नये.

शेकरूसाठी ओळखलं जाणारं भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर, पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेलं. पण इथलं रान टिकलं ते सरकारी अधिसूचनेच्या कितीतरी आधीपासून. महादेव कोळ्यांच्या देवराया इथे होत्या. देवाच्या रानात कोयता चालवायचा नाही हा दंडक पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांवर जे काम केलं, त्यातून या रिवाजाचं मोल अभ्यासकांच्या जगासमोर आलं. देवराईबाहेरही हिरड्याचं झाड उभं राहिलं, कारण बाळहिरडा विकून घरात चार पैसे येतात. शेकरूला त्याच झाडाची गरज. श्रद्धा आणि व्यवहार दोन्हींनी राखलेलं हे छप्पर शेकरूला आयतं मिळालं.

ते फाटतं कसं, हे २०११ साली केंद्र सरकारला सादर झालेल्या पश्चिम घाट तज्ज्ञ गटाच्या अहवालात वाचायला मिळतं. गटाचे अध्यक्ष गाडगीळच होते. अभयारण्याला लागून असलेल्या वनजमिनीवर पवनचक्क्या आल्या. इथे सदाहरित रान आहे, शेकरू आहे, प्रकल्पाला मान्यता देऊ नये, असं स्थानिक वनक्षेत्रपालाने कळवलं होतं; वरिष्ठांनी ते डावललं, अशी नोंद अहवालात आहे. पवनचक्की म्हणजे स्वच्छ वीज, हे खरंच. पण अवजड पाती डोंगरमाथ्यावर न्यायला रुंद रस्ते लागतात, आणि रस्ता म्हणजे शेकरूच्या वाटेत पडलेली फट. पवनचक्क्यांचंच कशाला, श्रावणात आणि महाशिवरात्रीला भीमाशंकरला लोटणाऱ्या गर्दीसाठी वाहनतळ आणि रुंद रस्ते मागणारे आपणच असतो.

अशा वेळी ‘एकाच्या बदल्यात दहा झाडं लावू’ हे ठरलेलं उत्तर येतं. शेकरूच्या दृष्टीने ते कुचकामी आहे. दुसरीकडे कुठेतरी लावलेली हजार रोपं त्याच्या उपयोगाची नाहीत. रस्त्याच्या अल्याड-पल्याडची दोन जुनी झाडं, ज्यांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतल्या आहेत, ती आहेत. तमिळनाडूत वालपराईला सिंहपुच्छ माकडांसाठी अग्निशमनाच्या जुन्या नळ्यांचे झुलते पूल रस्त्यावर, झाडाझाडांमध्ये टांगले आहेत आणि माकडं ते वापरतात. उपाय चांगला, पण तो फांद्या तोडून झाल्यानंतरचा.

धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत शेकरूची प्रजात अजून ‘चिंता कमी’ या गटात आहे, संख्या मात्र घटती नोंदवलेली आहे. म्हणजे वेळ हातची गेलेली नाही. सह्याद्रीतल्या एखाद्या रस्त्याच्या रुंदीकरणाचा विषय तुमच्या गावात निघाला, तर ग्रामसभेत किती झाडं तोडणार एवढंच विचारू नका. वरच्या फांद्या कुठे कुठे सुटणार, हे विचारा आणि त्या जागा नकाशावर दाखवायला लावा. आणि भीमाशंकरला गेलात तर शेकरूला बिस्किटं दाखवून खाली बोलावू नका. ते वरच बरं आहे.