मुंबई हायचा मिथेन आणि उपग्रहांची नजर

नवी मुंबईच्या दक्षिणेला, द्रोणागिरी नोडच्या शेजारी, उरणला ओएनजीसीचा तेल आणि वायूवर प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात असलेल्या मुंबई हायचे तेल आणि वायू समुद्रतळावरच्या पाइपलाइनींतून येथे किनाऱ्याला लागतात. हे क्षेत्र १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने केलेल्या खोदाईत सापडले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. नैसर्गिक वायूचा मोठा भाग मिथेनचा असतो. विहिरीपासून घरच्या शेगडीपर्यंत व्हॉल्व्ह, सांधे, कॉम्प्रेसर, टाक्या असे अनेक टप्पे लागतात आणि त्यांतल्या कोणत्याही टप्प्यावर तो निसटू शकतो. मिथेनला रंग नाही आणि वासही नाही. पाइप गॅसला येणारा वास मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो. हवेत मिथेन साधारण बारा वर्षेच टिकतो, पण वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक उष्णता धरून ठेवतो. म्हणून आज गळती थांबवली, तर तिचा फायदा याच पिढीला मिळतो.

उत्पादनाच्या सुरुवातीच्या वर्षांत तेलाबरोबर येणारा वायू वाहून नेण्याची पुरेशी सोय नव्हती आणि त्यातला बराचसा जाळून टाकला जाई. अवकाशातून आधी दिसल्या त्या या ज्वालाच. रात्रीचे दिवे टिपणाऱ्या अमेरिकी हवामान उपग्रहांच्या छायाचित्रांत जगभरच्या अशा ज्वाला, म्हणजे फ्लेअर, उमटत. २०११ मध्ये सुओमी एनपीपी हा उपग्रह गेल्यावर त्यांचे तापमान आणि जळालेल्या वायूचे प्रमाणही काढता येऊ लागले. मात्र या पद्धतीला आग दिसते, वायू दिसत नाही. फ्लेअर विझला आणि वायू तसाच सुटत राहिला, तर रात्रीच्या चित्रात केवळ अंधार उरतो. मिथेनच्या दृष्टीने तीच स्थिती सर्वांत वाईट.

प्रत्यक्ष मिथेन मोजण्याची रीत वेगळी आहे. जमिनीवरून परावर्तित होणाऱ्या सूर्यप्रकाशातील १.६५ आणि २.३ मायक्रॉनच्या आसपासच्या अवरक्त लहरी मिथेन शोषून घेतो. तो प्रकाश किती कमी झाला, यावरून हवेच्या स्तंभातील मिथेन काढता येतो. २००२ मध्ये युरोपच्या एन्व्हिसॅटवरील सायमॅकी या उपकरणाने हे काम सुरू केले, २००९ मध्ये जपानचा गोसॅट आला. दोघांची नजर ढोबळ होती. खंडांचे चित्र मिळे, कारखान्याचे नाही.

वळण आले ते श्रीहरिकोट्याहून. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने वीस उपग्रह नेले. त्यांत पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ होता, तसाच कॅनडाच्या जीएचजीसॅट कंपनीचा ‘क्लेअर’ही होता. एकेका प्रकल्पावर नजर रोखून मिथेन मोजण्यासाठी बनवलेला हा पहिला उपग्रह भारतीय रॉकेटने कक्षेत गेला, ही गोष्ट मराठी वाचकांपर्यंत फारशी पोचलेली नाही. २०१९ च्या सुरुवातीला क्लेअर तुर्कमेनिस्तानातील एका चिखल-ज्वालामुखीकडे पाहत होता. दिसली ती शेजारच्या तेल-वायू क्षेत्रातील प्रचंड गळती. ऑक्टोबर २०१७ मध्ये गेलेल्या सेंटिनेल-५पी वरील ट्रोपोमी रोज जवळजवळ सारी पृथ्वी पाहतो, पण त्याचा एक ठिपका काही किलोमीटरांचा. त्याने संशयित भाग दाखवायचा आणि तीक्ष्ण नजरेच्या उपग्रहाने नेमकी जागा हेरायची, अशी जोडी जमली.

या जोडीने ठाण्याच्या खाडीलगतचा परिसरही पाहिला. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऐरोली-वाशीच्या समोर, खाडीपलीकडे असलेल्या कांजूरमार्ग कचराभूमीतून तासाला सुमारे ९.८ टन मिथेन बाहेर पडत असल्याचे नोंदले गेले. म्हणजे महानगराच्या दारातला कचरा अवकाशातून मोजता आला. मुंबई हायचे तसे नाही. समुद्राचे पाणी अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळा गिळते, त्यामुळे उपग्रहाकडे परत जाणारा प्रकाश फार थोडा उरतो. सूर्याची चकाकी थेट उपग्रहाकडे परावर्तित होईल असा कोन साधला, तरच मोजमाप होते. मेक्सिकोच्या आखातातील एका प्लॅटफॉर्मवरून डिसेंबर २०२१ मध्ये १७ दिवसांत सुमारे ४०,००० टन मिथेन सुटल्याचे याच युक्तीने उघड झाले. अरबी समुद्रावर तर पावसाळ्याचे चार महिने ढगांचे छत असते. तेव्हा मुंबई हायवर नकाशात खूण नाही, म्हणजे गळती नाही, असा अर्थ काढता येत नाही.

म्हणून जमिनीवरचे आणि प्लॅटफॉर्मवरचे मोजमाप टाळता येत नाही. ओएनजीसी २००७ मध्येच अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या, मिथेनगळती कमी करण्यासाठीच्या नॅचरल गॅस स्टार उपक्रमात सहभागी झाली. २०२१ च्या जागतिक मिथेन प्रतिज्ञेत भारत सामील झाला नाही. देशातील बहुतांश मिथेन गुरे आणि भातशेतीतून येतो, शेतकऱ्यांवर बंधने नकोत, ही भूमिका समजण्याजोगी आहे. पण शेतकऱ्याचे हे कारण पाइपलाइनीला लागू होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत तेल कंपन्यांच्या सनदेवर ओएनजीसीने सही केली, तिच्यात २०३० पर्यंत मिथेन उत्सर्जन जवळपास शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे.

पुढच्या दोन वर्षांत उपग्रह वाढले आणि गमावलेही गेले. मार्च २०२४ मध्ये गेलेल्या मिथेनसॅटचा संपर्क जून २०२५ मध्ये तुटला. उपग्रहांच्या नोंदींवरून संयुक्त राष्ट्रांची इशारा यंत्रणा सरकारांना आणि कंपन्यांना गळतीची सूचना देते. २०२४ च्या अहवालानुसार तिच्या बाराशेहून अधिक सूचनांपैकी सुमारे एक टक्क्यालाच ठोस उत्तर मिळाले होते, वर्षभरानंतर हे प्रमाण १२ टक्क्यांवर आले. दिसणे आणि दुरुस्त होणे यांतले हे अंतर उपग्रहांनी भरून निघणारे नाही. मुंबई हाय आणि उरणच्या बाबतीत तर प्रत्येक प्लॅटफॉर्मवर प्रत्यक्ष मोजलेले आकडे ओएनजीसीने दरवर्षी लोकांपुढे ठेवले पाहिजेत.