चौथ्या ऑलिंपिकचे कांस्य

रिओ ऑलिंपिकमध्ये 2016 साली पोर्तुगालच्या वाट्याला एकच पदक आले. तेही कांस्य. ते मिळवले तेल्मा मोंतेइरो या महिला ज्युदोपटूने. एका कांस्यपदकावर लेख कशासाठी, असे कुणी विचारील. त्या पदकाआधी तिच्या वाट्याला काय आले आणि पदकानंतर तिने काय केले, हे पाहावे असे आम्हाला वाटते.

तेल्माचा जन्म 1985 चा. लिस्बनसमोर, टॅगस नदीच्या पलीकडच्या काठावरील अल्मादा हे तिचे गाव. ज्युदो तिने चौदाव्या वर्षी सुरू केला, म्हणजे तसा उशिराच. तरीही 2004 साली, अठराव्या वर्षी ती अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळत होती. पुढे तिने युरोपचे विजेतेपद सहा वेळा पटकावले. त्यातले शेवटचे 2021 साली, लिस्बनमध्येच, वयाच्या 35 व्या वर्षी. जागतिक स्पर्धेत 2007, 2009, 2010 आणि 2014 साली ती अंतिम फेरीत पोहोचली आणि चारही वेळा रौप्यपदक घेऊन परतली.

ऑलिंपिकने मात्र तिची परीक्षाच पाहिली. अथेन्स आणि बीजिंग, दोन्हीकडून ती रिकाम्या हाताने आली. लंडनला 2012 साली पोर्तुगालच्या पथकाचा ध्वज तिच्या हाती होता. आणि 57 किलो गटात ती पहिल्याच लढतीत अमेरिकेच्या मार्टी मॅलॉयकडून हरली. ज्याच्या हाती ध्वज दिला जातो, त्याच्याकडूनच लोक हिशेबही मागतात.

रिओतही उपांत्यपूर्व फेरीत मंगोलियाच्या सुमिया दोर्जसुरेनने तिला हरवले. पण या फेरीत हरणाऱ्याला रेपेचाजमधून कांस्यपदकापर्यंत जाता येते. पराभव बाजूला ठेवून त्याच दिवशी पुन्हा उभे राहायचे, एवढीच अट. तेल्मा उभी राहिली आणि लंडनची रौप्यविजेती, रोमानियाची कोरिना काप्रिओरिउ हिला हरवून तिने कांस्य जिंकले. अथेन्सला बारा वर्षे झाली होती.

आम्हाला अधिक मोलाचे वाटते ते पुढचे. ऑगस्ट 2022 मध्ये पोर्तुगालच्या सात ज्युदोपटूंनी राष्ट्रीय महासंघाच्या अध्यक्षांच्या कारभाराविरुद्ध खुले पत्र काढले. भेदभाव आणि दडपणाची तक्रार त्यात होती. सह्यांमध्ये तेल्माची सही होती. वर्षअखेरीस त्या अध्यक्षांना पदावरून दूर व्हावे लागले.

वकिलीत आम्ही रोज पाहतो, अन्याय सांगणारे पुष्कळ असतात. कागदावर सही करायची वेळ आली की संख्या घटते. ज्याच्या हातात निवड आहे, त्याच्याविरुद्ध खेळाडूने सही करणे सोपे नसते. रिओतच रेपेचाजमधून कांस्य जिंकणारी आपली साक्षी मलिक 2023 साली जंतरमंतरवर बसली होती. तक्रारी वेगळ्या, देश वेगळे. पण पदकाने मिळालेला आवाज दोघींनीही स्वतःपुरता ठेवला नाही.

वाचकहो, मुलींना मैदानात जरूर पाठवा. सोबत त्यांना अर्ज लिहायला आणि त्याखाली आपले पूर्ण नाव घालायलाही शिकवा.