वेदना आधी मोजा

गेल्या लेखावर आलेल्या पत्रांत एकच प्रश्न फिरून फिरून विचारला आहे आणि त्याला बगल देऊन पुढे जाणे बरे नाही. त्वचेवरच्या गाठी विजेचे स्पंद आणि ब्लिओमायसिन या कर्करोगाच्या औषधाचा एक डोस यांनी विरघळतात, तर स्वादुपिंडाच्या प्रगत कर्करोगात, पोट न उघडता, नुसत्या सुया घालून हाच उपचार केला तर रोगी किती जास्त जगेल? माझे उत्तर बऱ्याच जणांना रुचणार नाही. अशा उपचाराच्या सुरुवातीच्या चाचणीने आयुष्याचे महिने मोजायला बसूच नये. उपचाराने इजा किती झाली आणि वेदना किती कमी झाली, या दोनच गोष्टी तिने चोख मोजाव्यात. त्यातली पहिली कोणीही मान्य करील. वाद आहे तो दुसरीबद्दल, म्हणून आजचा लेख तिच्यासाठी.

त्वचेवरचे आकडे भुरळ पाडणारे आहेत हे खरे. व्हिलज्यूफ, ल्युब्लियाना, कोपनहेगन आणि कॉर्क या चार केंद्रांनी मिळून केलेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 41 रुग्णांच्या 171 गाठी तपासल्या गेल्या. त्यांतल्या 85 टक्के गाठींनी उपचाराला दाद दिली आणि सुमारे 74 टक्के पूर्ण नाहीशा झाल्या. पण त्वचेवरची गाठ डोळ्यांना दिसते, बोटांना लागते आणि उरलीसुरली तर पुन्हा उपचार करता येतो. स्वादुपिंड जठराच्या मागे, मोठ्या रक्तवाहिन्यांना खेटून, पित्तनळीला कवेत घेऊन बसलेले असते. शिरेतून दिलेले ब्लिओमायसिन गाठीत रक्तावाटेच पोचणार, आणि या गाठीत कर्कपेशींपेक्षा त्यांच्याभोवतीचे घट्ट तंतुमय ऊतकच बहुतेक वेळा जास्त असते, रक्तपुरवठा तुटपुंजा. त्यात वेळेचे बंधन आहे. शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे 15,000 एकक या हिशेबाने औषध दिल्यावर आठ मिनिटे थांबायचे आणि पुढच्या साधारण वीस मिनिटांत सगळे स्पंद उरकायचे. म्हणजे लांब सुया आधीच, भूल दिलेल्या रोग्याच्या पोटात, सीटी स्कॅनवर बघत बघत नेमक्या जागी बसवलेल्या हव्यात. एका जोडीतून 100 मायक्रोसेकंदांचे आठ स्पंद, मग दुसरी जोडी, मग तिसरी. हृदयाची लय बिघडू नये म्हणून प्रत्येक स्पंद ईसीजीतल्या ठोक्याशी जुळवून सोडायचा. एखादी सुई जराशी तिरकी गेली तर दोन सुयांमधल्या पट्ट्यात विद्युत्‌क्षेत्र पुरेसे चढत नाही, आणि तिथल्या पेशींत औषध पुरेसे शिरत नाही. त्वचेवरचे 74 टक्के पोटात जसेच्या तसे मिळतील, ही आशा म्हणून ठीक आहे. तिला अंदाज म्हणता येणार नाही.

समजा, गाठ पुरती मारता आली. तरी आयुष्य वाढेल का? स्वादुपिंडापुरत्या, पण शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या रोगावर याचा दाखला मिळतो. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एलएपी-07 या चाचणीत केमोने चार महिने रोग आटोक्यात राहिलेल्या रुग्णांचे दोन गट केले. एकाची केमो तशीच चालू ठेवली, दुसऱ्याला केमोसोबत किरणोपचार दिले. किरणोपचारांच्या गटात गाठ जागच्या जागी वाढण्याचे प्रमाण 46 वरून 32 टक्क्यांवर आले, म्हणजे स्थानिक उपचाराने आपले काम केले. पण जगण्याचा मध्यक काळ केमोच्या गटात 16.5 महिने आणि किरणोपचारांच्या गटात 15.2 महिने. गाठ दबली, आयुष्य हलले नाही. कारण उघड आहे. रोग्याचा शेवट बहुधा मूळ गाठीने होत नाही, यकृतात आणि इतरत्र पसरलेल्या रोगाने होतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये मृत्यूनंतर लगेच शवविच्छेदन करून 76 रुग्णांचा जो अभ्यास झाला (2009), त्यात सुमारे 70 टक्के रुग्ण दूरवर पसरलेल्या रोगाने गेले आणि 30 टक्के स्थानिक विध्वंसाने. आणि एलएपी-07 मधला रोग तरी स्थानिकच होता. आपल्या विषयातल्या चाचण्यांत ज्यांचा रोग आधीच यकृतात पोचला आहे असेही रुग्ण घेतले, तर स्वादुपिंडातल्या गाठीवरच्या सुया त्या यकृताचे काय करणार?

यावर विजेच्याच दुसऱ्या उपचाराकडे बोट दाखवले जाते. लुइव्हिलच्या शल्यविशारदांनी औषधाशिवाय, नुसत्या तीव्र स्पंदांनी पेशी मारण्याच्या पद्धतीचे 200 रुग्णांचे निष्कर्ष 2015 साली दिले, तेव्हा मध्यक आयुष्य जवळजवळ 25 महिने निघाले आणि बराच गाजावाजा झाला. पण त्या सगळ्यांनी आधी केमो घेतलेली होती. केमो चालू असतानाच ज्यांचा रोग पसरतो ते अशा टेबलापर्यंत पोचतच नाहीत. चाळणीतून उरलेले जास्त जगले, यात विजेचा वाटा किती आणि चाळणीचा किती, हे तुलनेचा गट नसताना कसे कळणार? पुढे ॲम्स्टरडॅममध्ये क्रॉसफायर चाचणीत 68 रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले : निम्म्यांना त्वचेतून सुया घालून हे स्पंद, निम्म्यांना नेमके किरणोपचार. स्पंदांच्या गटाचे मध्यक आयुष्य 12.5 महिने आणि किरणोपचारांच्या गटाचे 16.1 महिने निघाले. या फरकाला संख्याशास्त्राने दुजोरा दिला नाही, पण विजेची सरशी सिद्ध होण्याची शक्यता उरली नाही म्हणून चाचणी आवरती घेतली गेली. दोन ठिकाणच्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही हे मान्य. मला एवढेच म्हणायचे आहे की वीस-पंचवीस जणांच्या, तुलनेशिवायच्या चाचणीतून आयुष्याबद्दल काही निष्पन्न होत नाही, आणि जे निष्पन्न होते ते फसवे असते.

वेदनेचे तसे नाही. स्वादुपिंडामागे मज्जातंतूंचे मोठे जाळे आहे आणि हा कर्करोग त्या तंतूंच्या कडेकडेने सरकतो. पाठीत आरपार जाणारी कळ, झोप नाही, मॉर्फिनचा डोस चढत जातो. हे दुखणे मूळ गाठीचेच असल्यामुळे ते हलके करायला स्थानिक उपचार पात्र आहे, आणि पोट न उघडण्याचे खरे महत्त्वही इथेच आहे. नेपल्सच्या पास्काले कर्करोग संस्थेने 13 रुग्णांवरचे आपले पहिले निष्कर्ष 2015 साली दिले, ते पोट उघडून केलेल्या उपचाराचे. हा उपचार स्वादुपिंडावर करता येतो हे दाखवायला तो मार्ग योग्य होता. पण ज्याच्या हातात मोजके महिने आहेत त्याने त्यातले कित्येक आठवडे टाके भरून येण्यात घालवायचे आणि बदल्यात कळ कमी करून घ्यायची, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. तोच उपचार सुयांनी किंवा दुर्बिणीतून होऊन रोगी दोन-चार दिवसांत घरी जात असेल, तर मात्र वेदनेसाठी तो करून पाहण्यात अर्थ आहे.

आक्षेप येतो की वेदना ही रोग्याची भावना, तिच्यावर शास्त्र कसे उभारायचे? या रोगात ते एकदा उभारले गेले आहे. जेमसायटाबिन या केमोच्या औषधाची 1997 साली प्रसिद्ध झालेली चाचणी 126 रुग्णांची. तिचा मुख्य निकष वेदनेची तीव्रता, वेदनाशामकांचा खप, हिंडण्याफिरण्याची क्षमता आणि वजन यांवर बेतलेला होता, आणि सुधारणा किमान चार आठवडे टिकली तरच ती हिशेबात धरायची. जेमसायटाबिन घेणाऱ्यांपैकी 23.8 टक्के या कसोटीला उतरले, जुने औषध घेणाऱ्यांपैकी 4.8 टक्के. आयुष्य वाढले ते जेमतेम सव्वा महिन्याने, तरीही त्या औषधाने पुढे वर्षानुवर्षे या रोगावर राज्य केले.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो मला पटतो. मज्जातंतूंच्या जाळ्यात अल्कोहोल टोचून कळ थांबवण्याचा स्वस्त उपाय आधीपासून आहे, मग एवढी यंत्रसामग्री कशाला? 1993 साली हॉपकिन्समध्येच 137 रुग्णांपैकी काहींना अल्कोहोल आणि काहींना नुसते मिठाचे पाणी टोचून तुलना झाली आणि अल्कोहोलने वेदना कमी झाली. आधीपासून दुखत असलेले रुग्ण तर अल्कोहोलने जास्त जगले असेही दिसले. मेयो क्लिनिकच्या 100 रुग्णांच्या 2004 सालच्या चाचणीत वेदना पुन्हा कमी झाली, आयुष्य मात्र वाढले नाही. वेदनेचा निष्कर्ष टिकला, आयुष्याचा गळून पडला. म्हणून सुयांच्या चाचणीचा पुढचा टप्पा अल्कोहोलच्या इंजेक्शनशी तुलनेचाच असावा. त्यात वीज हरली तर हा उपचार या रोगापुरता गुंडाळून ठेवायला माझी हरकत नाही.

राहिला तो मनाला भिडणारा आक्षेप : रोग्याला जगायचे आहे. स्थानिक विध्वंसाने जाणाऱ्या त्या 30 टक्क्यांसाठी या इच्छेला आधारही आहे. हॉपकिन्सच्या त्याच शवविच्छेदनांत डीपीसी-4 हे जनुक शाबूत असलेल्यांचा रोग एका जागी राहण्याकडे कल दिसला. अशांना आधीच ओळखून, मोठ्या तुलनात्मक चाचणीत त्यांचे आयुष्य जरूर मोजावे. पण ते काम मोठ्या चाचणीचे. पहिल्या छोट्या चाचणीवर तो बोजा टाकला की ती वेदनेचेही धड सांगत नाही.

आपल्या घरात हा प्रश्न उभा राहिला असेल तर एक करा. भारतात क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया या नोंदवहीत चाचणीची नोंद 15 जून 2009 पासून सक्तीची आहे आणि ती नोंदवही कोणालाही फुकट पाहता येते. विजेचा उपचार 'चाचणी' म्हणून कोणी सुचवला तर नोंदणी क्रमांक मागा, त्या पानावर मुख्य निकषाचा रकाना शोधा आणि त्यात काय मोजणार असे लिहिले आहे ते वाचा. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली, तर संमतीपत्रावर सही करू नका.