धावत्या बोटीचा नांगर

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळच्या कुरुंदवाडला २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी वेढले, तेव्हा बोटींचाच आधार होता. समुद्र असो वा पूर, बोट निघाली की नांगर जखडलेला हवा. जहाजावर साखळीला लोखंडी अडसर लावतात, वरून आवळतातही. साखळी ओढणाऱ्या यंत्राच्या नुसत्या ब्रेकवर भरवसा नाही, लाटांच्या धक्क्यांनी तो ढिला पडतो. रबरी बोटीत धोका वेगळा. नांगराचे टोक रबर फाडू शकते. सुटलेला दोर पंख्यात गुंडाळला की इंजिन बंद, आणि बोट प्रवाहाच्या हवाली (पुरात वाटेत विजेच्या ताराही असतात!). म्हणून नांगर पिशवीत, दोर नीट गुंडाळलेला; पण गाठ एका ओढीत सुटणारी, कारण इंजिन बंद पडल्यावर नांगरच बोट थोपवतो. बोटीत बसणाऱ्यांनी त्या दोरावर पाय ठेवू नये.