हिब्रू ‘येशुआ’ : तारणसंकल्पनेचा अर्थशोध

प्रस्तावना :
मराठी बायबलमध्ये ‘तारण’, ‘उद्धार’, ‘मुक्ती’ हे शब्द वारंवार येतात. जुन्या करारात त्यांच्यामागे बहुतांशी एकच हिब्रू धातू उभा असतो. मराठी वाचकाच्या मनात मात्र या शब्दांबरोबर भवसागर, जन्ममरणाचा फेरा आणि मोक्ष या कल्पना आपोआप येतात. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ याहून वेगळा, अधिक लौकिक आणि अधिक सामाजिक आहे. तो कसा, हे शब्दाच्या प्रत्यक्ष वापरावरून स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

धातू आणि त्याची रूपे :
योद, शीन व आयिन या तीन व्यंजनांचा हा धातू ‘याशा’ म्हणून ओळखला जातो. साध्या क्रियारूपात तो बायबलमध्ये आढळत नाही. ‘होशिआ’ (वाचविले, साहाय्य केले) हे प्रयोजक रूप आणि ‘नोशा’ (वाचविला गेला) हे कर्मणी रूप एवढीच त्याची क्रियारूपे होत. म्हणजे ही क्रिया कोणीतरी दुसऱ्यासाठी करावयाची असते. याच धातूपासून ‘येशुआ’, ‘येशा’ व ‘तेशुआ’ ही नामे आणि ‘मोशिआ’ म्हणजे वाचविणारा हे कर्तृवाचक रूप सिद्ध होते. ‘मोशिआ’ आणि ‘माशियाख’ (अभिषिक्त, मशीहा) हे शब्द उच्चाराने जवळचे वाटले तरी त्यांचे धातू भिन्न आहेत.

अनेक विशेषनामांतही हा धातू आहे. यहोशवा, यशया, होशेय, अलीशा आणि येशू ही त्यांतील परिचित नावे. मोशेने होशेय या आपल्या सहकाऱ्याचे नाव बदलून यहोशवा ठेवल्याचा उल्लेख गणना १३:१६ मध्ये आहे. हा धातू केवळ इस्राएलचा नव्हता. जॉर्डनमधील दिबान येथे १८६८ मध्ये सापडलेल्या, इ. स. पूर्व नवव्या शतकातील मवाबी शिलालेखात मेशा राजा आपल्या कमोश देवाने शत्रूंपासून वाचविल्याचे सांगताना हेच क्रियापद योजतो. मेशा हे त्याचे नावही याच धातूशी जोडले जाते.

वापराची क्षेत्रे :
पहिले क्षेत्र युद्धाचे. निर्गमाच्या चौदाव्या अध्यायात समुद्र व मिसरी सैन्य यांच्यामध्ये सापडलेल्या लोकांना येशुआ पाहावयास मिळते. तेथे तिचा अर्थ त्या दिवशीची प्रत्यक्ष सुटका असा आहे. शास्ते ग्रंथात अथनिएल व एहूद यांना ‘मोशिआ’ म्हटले आहे. ते परचक्र दूर करणारे लढवय्ये होत. अरामी सेनापती नामानाने मिळविलेल्या विजयासही २ राजे ५:१ मध्ये ‘तेशुआ’ म्हटले आहे. राजकीय करारातही हा शब्द येतो. आहाज राजाने अश्शूरच्या तिग्लथ-पिलेसराकडे मदत मागितली ती याच क्रियापदाने (२ राजे १६:७).

दुसरे क्षेत्र न्यायाचे असून ते अधिक महत्त्वाचे आहे. तकोवा येथील स्त्री दाविदापुढे दंडवत घालून ‘होशिआ’ अशी हाक देते आणि मग आपले गाऱ्हाणे मांडते (२ शमुवेल १४). शोमरोनच्या वेढ्यात उपासमारीने पिचलेली स्त्री राजाला तशीच हाक मारते. देवच साहाय्य करीत नसेल तर आपण ते कोठून आणावे, असे राजा हताशपणे विचारतो. तरीही तिची तक्रार तो ऐकून घेतो (२ राजे ६). अनुवाद २२:२७ मधील नियमानुसार शेतात अत्याचार झालेल्या तरुणीला दोष लागत नाही, कारण तिने आक्रोश केला तरी तेथे कोणी ‘मोशिआ’ नव्हता. यावरून असे दिसते की ही हाक म्हणजे दुर्बलाने बलवानाकडे मागितलेली दाद होती आणि ती ऐकणे हे ऐकणाऱ्याचे कर्तव्य मानले जाई. जॉन सॉयर यांनी १९६५ मध्ये ‘मोशिआ’ या शब्दाच्या न्यायविषयक छटेकडे लक्ष वेधले आणि १९७२ च्या ग्रंथात हिब्रू तारणवाचक शब्दांचा एकत्रित अभ्यास केला.

समीपवर्ती शब्द :
‘हित्सील’ म्हणजे तावडीतून हिसकावून घेणे, ‘गाअल’ म्हणजे आप्ताने आपल्या माणसाला वा जमिनीला सोडविणे, ‘पादा’ म्हणजे मोल देऊन सोडविणे. ‘होशिआ’मध्ये मोल किंवा नाते यांची अट नाही, संकटात असलेल्याजवळ मदत पोहोचणे हा त्याचा गाभा आहे.

व्युत्पत्तीचा प्रश्न :
जुन्या कोशकारांनी या धातूचा संबंध अरबी ‘वसिअ’ (प्रशस्त असणे) याच्याशी जोडला. त्यावरून संकट म्हणजे अडचण, तारण म्हणजे मोकळी जागा, असा आकर्षक अर्थ लावण्यात आला. संकटासाठी ‘अरुंद’ आणि सुटकेसाठी ‘प्रशस्त’ ही प्रतिमा स्तोत्रांत आहे खरी; परंतु ती वेगळ्या शब्दांनी व्यक्त होते. प्राचीन दक्षिण अरबी नावांतील समान धातूचे व्यंजन पाहता ‘वसिअ’शी असलेले नातेही शंकास्पद ठरते. शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीवरून नव्हे तर वापरावरून ठरवावा, हा जेम्स बार यांनी १९६१ मध्ये दिलेला इशारा येथे लागू पडतो.

भाषांतरातील स्थित्यंतर :
ग्रीक भाषांतरात ‘सोझो’ व ‘सोतेरिया’ हे शब्द आले. शुभवर्तमानांत ‘सोझो’ रोग बरा होण्यासाठीही वापरलेला आहे. ११८ व्या स्तोत्रातील ‘होशिआ ना’ ही काकुळतीची विनवणी पुढे ‘होसान्ना’ या जयघोषात रूपांतरित झाली. मराठीत ‘तारण’ पैलतीरी नेण्याची, ‘उद्धार’ वर काढण्याची, तर ‘मुक्ती’ बंधन सुटण्याची प्रतिमा घेऊन येते. हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर करणाऱ्या पंडिता रमाबाईंनी केडगावच्या आपल्या संस्थेस ‘मुक्ती’ हे नाव दिले. निराधार स्त्रियांना आश्रय देणाऱ्या त्या संस्थेत या शब्दाला पारलौकिक अर्थाबरोबर लौकिक अर्थही लाभला आणि त्या अंगाने तो हिब्रू शब्दाच्या जवळ गेला.

निष्कर्ष :
‘येशुआ’ या शब्दात पुढील तीन घटक आढळतात : स्वतःच्या बळावर सुटू न शकणारी व्यक्ती वा समाज, त्याची हाक, आणि त्या हाकेला धावून जाणारा समर्थ. मराठी प्रतिशब्द अयोग्य नाहीत. मात्र त्यांचा अर्थ केवळ परलोकापुरता मर्यादित केल्यास न्याय मागणाऱ्या त्या स्त्रियांचा आवाज भाषांतरात हरवतो. म्हणून जुन्या करारातील ‘तारण’ वाचताना कोणाचे, कशापासून आणि कोणी केलेले तारण, हे तिन्ही प्रश्न प्रत्येक संदर्भात विचारणे अभ्यासकास आवश्यक ठरते.