मेंडोलिन : अल्पायुषी सुरांचे सामर्थ्य

सतारीच्या किंवा सरोदच्या तारेवर आघात केला की सूर काही काळ रेंगाळतो आणि वादकाला मींड घेण्याची सवड मिळते. मेंडोलिन अशी सवड देत नाही. त्याच्या आखूड, ताठ तारांतून सूर चटकन उमटतो आणि तितक्याच चटकन विरतो. तो लांबवायचा असेल, तर वादकाला प्लेक्ट्रमने तारा खाली-वर झरझर छेडत राहाव्या लागतात. मेंडोलिनची ओळख बनलेली ती थरथर, म्हणजेच ट्रेमोलो, या उणिवेतूनच आली आहे. उत्तम मेंडोलिन कशाला म्हणावे, या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. क्षणभर टिकणाऱ्या सुराला जे गोलाई, वजन आणि दूरवर पोहोचण्याची ताकद देते, ते वाद्य उत्तम.

मेंडोलिनला चार जोड्यांत मिळून आठ तारा असतात. त्या व्हायोलिनप्रमाणेच जी, डी, ए आणि ई या स्वरांत लावतात व प्रत्येक जोडीतील दोन्ही तारा एकाच सुरात मिळवतात. या पोलादी तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० ते ८० किलो भरतो. त्यातील मोठा भार घोडीवाटे वरच्या फळीवर, म्हणजे सतारीत जिला तबली म्हणतात तिच्यावर येतो. फळी जाड ठेवली तर ती ताण सोसते, पण सूर दबतो. पातळ केली तर सूर खुलतो, पण फळी खचण्याची भीती असते. या दोहोंमधील नेमकी जाडी साधणे हीच कारागिराची कसोटी. वरच्या फळीसाठी हलके पण ताठ असे स्प्रूसचे लाकूड आणि बाजू व पाठीसाठी कठीण मेपल वापरण्याचा प्रघात यातूनच पडला.

हे वाद्य मूळचे इटलीचे. अठराव्या शतकात नेपल्स शहरात त्याचे अर्ध्या भोपळ्यासारख्या फुगीर पाठीचे रूप स्थिरावले. लाकडाच्या अरुंद पट्ट्या वाकवून, एकमेकींना चिकटवून ही पाठ घडवली जाई. नेपल्सच्या विनाच्या घराण्यातील कारागिरांचा त्यात मोठा वाटा होता. मोझार्टने १७८७ मधील ‘डॉन जोव्हानी’ या ऑपेरात प्रेमगीताच्या साथीला मेंडोलिन योजले, यावरून त्याची लोकप्रियता कळते.

पुढचे महत्त्वाचे वळण अमेरिकेत आले. मिशिगन राज्यातील कॅलामझू येथे ऑर्व्हिल गिब्सन याने व्हायोलिनप्रमाणे लाकूड कोरून कमानदार फळीची मेंडोलिन बनवायला सुरुवात केली. १९०२ मध्ये त्याच्या नावाने कंपनी उभी राहिली. या कंपनीत १९१९ ते १९२४ या काळात काम करणाऱ्या लॉइड लोअर याने १९२२ मध्ये ‘एफ-५’ हे मेंडोलिन आणले. मधल्या गोल छिद्राऐवजी व्हायोलिनसारखी दोन ‘एफ’ छिद्रे, अधिक लांब दांडी आणि नाद तपासून तासलेल्या फळ्या ही त्याची वैशिष्ट्ये. तपासून मंजूर केलेल्या वाद्याच्या आतील चिठ्ठीवर लोअरची सही असे.

दैवदुर्विलास असा, की तोवर अमेरिकेतील मेंडोलिनची लाट ओसरली होती. एफ-५ला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही आणि लोअरने १९२४ मध्ये कंपनी सोडली. पुढे १९४०च्या दशकात बिल मन्रो या गायक-वादकाने फ्लोरिडातील एका केशकर्तनालयात विक्रीला ठेवलेले, १९२३ सालचे एफ-५ विकत घेतले. त्याच्या ठाशीव, टणत्कारी वादनातून ‘ब्लूग्रास’ ही संगीतशैली आकाराला आली. १९८५ मध्ये कुणी अज्ञाताने मन्रोच्या घरात शिरून हे वाद्य फोडले. गिब्सनच्या कारागिरांनी त्याचे तुकडे जुळवून ते पुन्हा वाजते केले. लोअरच्या सहीची मेंडोलिन पुढे लाखाहून अधिक डॉलरांना विकली गेली.

भारतात या वाद्याचा अल्पायुषी सूर दोन कलावंतांनी दोन वाटांनी लांबवला. ‘संगदिल’ आणि ‘रुस्तम सोहराब’चे संगीतकार सज्जाद हुसेन यांनी साध्या मेंडोलिनवर, केवळ बोटांच्या कसबाने, मींडेसह हिंदुस्थानी राग वाजवून दाखवले. आंध्रात जन्मलेले यू. श्रीनिवास (१९६९-२०१४) यांनी जोडतारा वगळून पाच एकेरी तारांचे विद्युत मेंडोलिन स्वीकारले आणि कर्नाटक संगीतातील गमक त्यावर आणली. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील लक्ष्मीकांत कुडाळकर हेही संगीतकार होण्यापूर्वी मेंडोलिनवादक म्हणूनच ओळखले जात.

वाद्य विकत घेणाऱ्याची फसगत होते ती सजावटीमुळे. दांडीजवळची डौलदार वळी, शिंपल्याचे जडावकाम, चकचकीत रोगण यांनी किंमत वाढते, पण सुरात त्यांचा वाटा नगण्य असतो. पारख करायची ती अन्य गोष्टींची. छिद्राच्या कडेवर लाकडाचे थर दिसले, तर फळी प्लायवूडची आहे असे समजावे. अशी फळी टिकते, मात्र अखंड लाकडासारखी बोलत नाही. मोकळी तार आणि तिच्या बाराव्या पडद्यावरील सूर यांत नेमके एका सप्तकाचे अंतर हवे. ते नसेल, तर घोडी सरकवून पाहावी. तेवढ्यानेही फरक पडला नाही, तर वाद्य परत करावे. जोडीतील दोन तारा एकजीव ऐकू याव्यात आणि वरच्या पडद्यांवरही सूर बसू नये. अखंड लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते. त्यामुळे कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात असे वाद्य पेटीतच जपावे.

आणखी एक साधी कसोटी आहे. तार एकदाच, हलक्या हाताने छेडावी आणि ऐकावे. साध्या वाद्यात आवाज उठतो आणि तुटतो. उत्तम मेंडोलिनमध्ये तो विरतो खरा, पण विरण्याआधी खोलीभर पसरतो. त्या क्षणभराच्या पसरण्यातच कारागिराचे सारे श्रम सामावलेले असतात.