गोरसी अंगणात, ऊब अंथरुणात

रायपूरची थंडी अंबिकापूर-मैनपाटसारखी हाडं गोठवणारी नाही. इथल्या बूढापारा वस्तीत जानेवारीच्या पहाटे पारा साधारण १३ अंशांच्या आसपास असतो, उत्तरेचा वारा सुटला की आणखी खाली घसरतो. तरी इथल्या जुन्या घरांत हुडहुडी भरते, कारण ती बांधलीत मे महिन्याच्या ४५ अंशांसाठी. उंच छत, वर झरोके, पायाखाली गार फरशी. मेमधली चैन डिसेंबरात अंगावर येते.

अशा घरातली अख्खी खोली थोड्या आठवड्यांसाठी तापवायचा हट्ट धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. माणूस तापवावा. त्याला वीज लागत नाही.

पहिली ऊब फुकटची. २२ डिसेंबरच्या सुमारास रायपुरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट खोलीत शिरतं. (जूनमध्ये तोच सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला कलतो, म्हणून या खिडकीचा उन्हाळ्यात त्रास नाही.) दुपारी पडदे बाजूला सारा, गाद्या उन्हात टाका, आणि चार वाजता सगळं घट्ट बंद करा. झरोक्यांना आणि दाराखालच्या फटीला गोणपाट चालतं.

झोपताना पांघरुणावर पांघरूण चढवण्याआधी खाली बघा. अंगाच्या भाराने खालचा कापूस दबतो, त्यातली हवा जाते आणि गारवा पाठीतून शिरतो. फरशीवर निजणाऱ्याने खाली चटई, तणस भरलेली गादी किंवा जाड घोंगडी घालावी. गरम पाण्याच्या रबरी पिशवीला तर तोड नाही: दोन लिटर पाणी ६० अंशांवरून ३५ पर्यंत निवताना सुमारे २०० किलोज्यूल उष्णता पांघरुणातच सोडतं. पिशवी कापडात गुंडाळून पायाशी ठेवायची. चुलीशी तापवलेली वीट पोत्यात गुंडाळली तरी काम तेच.

आता गोरसी. पसरट तोंडाची ही मातीची शेगडी छत्तीसगढी घरात हिवाळाभर पेटते. बाळंतिणीला आणि तान्ह्याला शेकही तिचाच. आत छेना, म्हणजे आपल्या गोवऱ्या, किंवा धानाचं तूस. या धानाच्या मुलखात तुसाला तोटा नाही. तुसाच्या वजनाचा जवळपास पाचवा हिस्सा राख होते, तीही बहुतेक सिलिका. त्या राखेच्या थराखाली विस्तव भडकत नाही, तासन् तास धुमसत राहतो. स्वस्त आणि चिवट ऊब.

फक्त एक चूक जिवावर बेतते. धूर थांबला, निखारे लाल झाले, की लोक म्हणतात, आता घ्या आत. धूर दिसत नाही, पण निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि झोपलेल्या माणसाला गुदमरल्याचा पत्ताही लागत नाही. वर आपण थंडीसाठी झरोके बुजवलेले! झरोके बुजवायचे तर विस्तव बाहेर. विस्तव आत हवा तर झरोके आणि दार उघडं, आणि सगळे जागे. बाळंतिणीच्या खोलीलाही हाच नियम, आजीबाई कितीही रागावल्या तरी.

मोबाइलवर फिरणारा ‘मेणबत्तीवर मातीची कुंडी उपडी घाला, खोली तापते’ हा उपाय निव्वळ भाबडेपणा आहे. चपट्या मेणबत्तीची उष्णता तीस-चाळीस वॅटची. कुंडी ती वाढवत नाही, नुसती स्वतः तापते. त्यापेक्षा शेजारी येऊन बसलेला माणूस बरा. त्याच्या अंगातून शंभरेक वॅट निघतात.

गोरसीची खरी जागा संध्याकाळचं अंगण. तिथे हात शेका, गप्पा मारा, आणि उठताना ती तिथेच राहू द्या. आणि शेगडी असलेल्या खोलीत कुणाचं डोकं दुखू लागलं, मळमळलं, भोवळ आली, तर चहा करत बसू नका. आधी त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.